मजा नाही आली

रात्री पावणेबाराला भाच्याचा मेसेज आला. "मावशी, खरंय तुझं. पण मजा नाही आली." एवढंच. पुढे हसरं तोंड नाही, चिडलेलं नाही. 17 वर्षांचा मुलगा इतकं नीट, पूर्णविराम देऊन लिहितो तेव्हा समजायचं की मामला गंभीर आहे. मी गॅलरीत उभी होते. खाली जॉगिंग ट्रॅकवरची कुत्री एकमेकांवर भुंकत होती, इंदिरानगरातले बहुतेक दिवे गेले होते, आणि सकाळी साडेआठला सातपूरला पोचायचं होतं. झोपावं हे बरं, असं वाटलं. पण ते ‘मजा नाही आली’ दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखं जिभेला लागत राहिलं.

झालं होतं ते असं. आम्ही चौघं मिळून फोनवर एक गोष्ट लिहितो. एकाने चार ओळी लिहायच्या, थांबायचं, दुसऱ्याने पुढे न्यायची. प्रत्येकाचं एक पात्र, आणि त्या पात्राच्या तोंडून, हातापायांतून जे होईल ते त्यानेच लिहायचं. चौघं म्हणजे मी, माझा भाचा, कॉलेजातला एक मित्र जो आता पुण्यात असतो आणि कायम म्हाताऱ्या कपटी कारभाऱ्याची पात्रं घेतो, आणि कोल्हापूरची एक मुलगी, जी आठव्या वर्षापासून तालमीत मर्दानी खेळ शिकलीय. गोष्ट घडते एका बेनाव किल्ल्यावर. नाव दिलं नसलं तरी तो रामशेज आहे हे नाशिकचा कुणीही ओळखेल. पायथ्याचं गाव, ती कातळातली वाट, सगळं मी आशेवाडीवरून उचललंय. माझं पात्र चिमा, गडावर पाणी भरणाऱ्या बाईची मुलगी. भाच्याचं पात्र रुद्रसेन. या वयात नाव रुद्रसेनच असतं. त्याला मी काही बोलले नाही, मीही त्या वयात वहीच्या मागच्या पानावर असलीच नावं लिहून ठेवायचे.

तीन आठवडे रुद्रसेन आणि चिमा एकमेकांसमोर यायचे होते. भाचा रंगवत रंगवत आणत होता. रुद्रसेनने गिरकी घेऊन तिघांना आडवं केलं, तटावरून उडी मारली, हवेतच म्यानातून तलवार काढली, तिचा ‘खणण्ण’ असा आवाज खालच्या दरीपर्यंत गेला. मला ते वाचून हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. म्यान लाकडाचं, वर कातडं. त्यातून तलवार निघताना फार तर घासल्याचा आवाज येईल, खणण्ण कुठला? आणि लढाईत शत्रूकडे पाठ करून गिरकी घेणारा माणूस गिरकी पुरी करायला जिवंत राहत नाही. हे सगळं मनात साठत गेलं, आणि शेवटी त्या रविवारी रात्री दोघं समोरासमोर आले तेव्हा मी लिहिलं: चिमाने एक पाऊल मागे घेतलं, आणि तो पुढे आला तसं खालून मनगटाच्या वर पातं ओढलं. रुद्रसेनच्या बोटांतून तलवार सुटली. संपलं.

त्या ‘संपलं’वर मी फार खूश होते.

खरंच होतं ते. हाताची पकड ज्या स्नायूंवर चालते त्यांच्या दोऱ्या मनगटाच्या आतल्या बाजूने जातात. त्या तुटल्या की माणूस कितीही शूर असो, बोटं मिटत नाहीत. शिवाय समोरच्याचा सगळ्यात पुढे आलेला, सगळ्यात आधी हाताशी लागणारा भाग म्हणजे त्याचा हत्यार धरलेला हात. छाती, मान, डोकं हे सगळं त्याच्या मागे. पाणी भरणाऱ्या, अंगाने लहान मुलीने लांबून, धोका न पत्करता तिथेच वार करायला हवा. मी अभ्यास करून लिहिलं होतं. आणि मजा आली नव्हती.

मजा येत नाही हे दुःख मला नवं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी द्वारका सर्कलच्या गर्दीत अडकले असताना आठवलं. आजोळ भद्रकालीतलं. आजोबांचं किराणा दुकान, वर माडीवर घर, आणि माडीच्या भिंतीवर एक तलवार. ती कुणाची यावर घरात दोन पक्ष होते. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या सासऱ्यांचे वडील होळकरांच्या चाकरीत होते. आजोबा म्हणायचे, कसली चाकरी, बाबांनी जुन्या बाजारातून साडेचार रुपयांना घेतली. ती वर्षातून एकदा खाली यायची, खंडेनवमीला. दुकानातला तराजू, मापं, सुपारीचा अडकित्ता, आजीचा विळा आणि तलवार असं सगळं एका पाटावर मांडलेलं असायचं. खोबरेल तेल लावलेल्या लोखंडाचा वास, झेंडूचा वास आणि खालून येणारा हिंग-मिरचीचा वास एकत्र झाला की अजूनही माझ्या डोक्यात तो दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा वास असतो.

मी नऊ वर्षांची असेन. हट्ट करून करून एका वर्षी आजोबांनी ती माझ्या हातात दिली. मी दोन्ही हात पुढे करून, गुडघे वाकवून तयारीत उभी. मला वाटलं होतं, धाडकन खाली जाणार. गेलीच नाही. मी आजोबांकडे बघितलं असेन तसं, कारण ते हसले आणि म्हणाले, "मोजायची का?" आणि खरोखरच त्यांनी ती दुकानात नेऊन तराजूत टाकली. एका पारड्यात तलवार आडवी, कडेला तोललेली. दुसऱ्यात एक किलोचं माप, मग वर 50 ग्रॅमचं. काटा जुळला. किलो पन्नास. म्हणजे आई शनिवारी नेते त्या साखरेएवढी. नंतर कळलं की बहुतेक तलवारी अशाच किलोच्या आसपास असतात, मण दोन मण वजनाच्या गोष्टी म्हणजे निव्वळ गोष्टी. जो हात दिवसभर घोड्यावर बसून फिरवायचा तो काय दहा किलो घेऊन फिरवणार? पण त्या दिवशी मला कुणीतरी फसवल्यासारखं झालं होतं. वर आजोबांनी मूठ धरायला शिकवली तर माझी नऊ वर्षांची मूठ त्यात बरोबर बसली, आणि त्यांचा हात अडकला. जुन्या मुठी तशा लहानच. आणि मुठीच्या टोकाला वाटीसारखी जी चकती असते, आजोबा तिला कटोरी म्हणायचे, ती मनगटात रुतत होती. मी हात लांब करून समोर भोसकायला गेले की ती टोचायची आणि हात परत वाकायचा.

खूप वर्षांनी कळलं की तिचं कामच ते. ती चकती हात सरळ ताणू देत नाही, म्हणून वार आपोआप खांद्यातून फिरतो आणि पातं लागल्यावर ओढलं जातं. वाकडं पातं, तंग मूठ, टोचणारी चकती, तिन्ही मिळून हाताला सांगतात की बाबा, ठोकू नकोस, ओढ. कोबी चिरताना सुरी नुसती दाबली तर पानं चेंगरतात आणि ओढली की सुटतात, तसंच. हे समजलं तेव्हा मला त्या नऊ वर्षांच्या मुलीकडे जाऊन सांगावंसं वाटलं, अगं, फसवलं नाही कुणी तुला, हे बघ किती भारी आहे. म्हणजे मजा होतीच. मला ती वजनात हवी होती आणि ती कटोरीत होती.

पण भाच्याला मी कटोरी कुठे दाखवली होती? मी त्याला फक्त तराजूचा काटा दाखवला होता.

त्या आठवड्यात आमच्या गोष्टीत कुणीच काही लिहिलं नाही. पुण्याच्या मित्राने मधेच "काय रे, सुतक आहे का?" असं विचारलं. मी मात्र चिडून पुरावे गोळा करत होते. शनिवारी भाच्याला म्हटलं, चल गच्चीवर. भंगारातला पाइपचा एक तुकडा घेतला, आत ओली वाळू भरली, दोन्ही टोकांना कापड कोंबून चिकटपट्टी गुंडाळली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर किलो. म्हटलं, रुद्रसेन, घे. मोबाइलवर वेळ लावते, जोरात फिरव, थांबायचं नाही. पहिले दहा सेकंद तो मस्तच दिसत होता. विसाव्या सेकंदाला खांदा खाली आला. मग तोंडाने श्वास. 38 सेकंदांना त्याने पाइप कठड्याला टेकवला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. शेजारच्या गच्चीवर काकू कुरडयांवर चाळण टाकत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, मारतेस का त्याला?" मी म्हटलं, नाही काकू, तोच मारतोय. "बरं, माझ्या कुरडया सांभाळा," म्हणून त्या गेल्या. भाचा धापा टाकत म्हणाला, "मग रुद्रसेनने तिघांना मारलं ते?" मी म्हटलं, एका मिनिटात नाही मारलं. त्याचं तोंड पडलं. मला बरं वाटलं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

आणखी एक पुरावा माझ्याकडे होता, आपल्याच जिल्ह्यातला. 1672 साली साल्हेरला मराठे आणि मुघल उघड्या मैदानात भिडले. त्या लढाईत सूर्यराव काकडे पडला. सभासदाच्या बखरीत त्याची तुलना थेट महाभारतातल्या कर्णाशी केलीय, इतका तो शूर. आणि मेला कसा? जंबुऱ्याचा गोळा लागून. जंबूर म्हणजे उंटावर लादायची हलकी तोफ. कर्णासारखा योद्धा, आणि समोर दुसरा योद्धा नाही, डाव नाही, पेच नाही. कुठूनतरी गोळा आला. मी भाच्याला हे सांगितलं, बघ, खरं हे असं असतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मावशी, लिहिणाऱ्याने त्याला कर्ण म्हटलंच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, चहा घेणार का.

पुढच्या रविवारी पंचवटीत तलवारबाजीचा सराव बघायला गेलो. ऑलिंपिकमधली तलवारबाजी. तलवारबाज भवानीदेवी टोकियो ऑलिंपिकला गेली तेव्हापासून हा खेळ घराघरात निदान नावाने तरी माहीत झालाय. नाशिकमध्ये मुलं तो त्याच्या आधीपासून खेळतात. भाचा वैतागून आला होता. पांढरे कपडे, जाळीचे मुखवटे, पाठीमागून निघालेली वायर, आणि 14 मीटर लांब पट्टीवर नुसतं पुढे-मागे, पुढे-मागे. तलवार म्हणावी तर सळई. आम्ही ज्या जोडीपाशी बसलो ती एपे खेळत होती. त्या प्रकारात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोक लागलं तरी गुण मिळतो. पहिल्या दोन गुणांना नेमकं काय झालं ते आम्हाला दिसलंच नाही. काहीतरी हललं आणि दिवा लागला. भाच्याने माझ्याकडे ‘बघ, हेच म्हणत होतो’ अशा नजरेने बघितलं. खरी झटापट डोळ्याला दिसायच्या आत संपते, आणि न दिसणाऱ्या गोष्टीत कसली मजा?

मग हळूहळू त्याचं बघणं बदललं. मी पातं बघत होते, तो पाय बघायला लागला होता. उंच मुलगी अर्धं पाऊल पुढे टाकायची, बुटकी मुलगी तेवढंच मागे. परत अर्धं पुढे. बुटकीने एकदा मागे जायला किंचित उशीर केला, मुद्दामच, आणि उंच मुलीला वाटलं मिळाली, ती झेपावली. तिथे तिचं मनगट उघडं पडलं. टक्. दिवा. "हूल होती ती!" भाचा जोरात बोलला, दोन पालकांनी वळून बघितलं. नंतरच्या एका गुणाला दोन्ही दिवे एकदम लागले. शिकवणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याच्या आत दोघांचे लागले तर दोघांनाही गुण. भाचा घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होता. म्हणजे खऱ्या तलवारी असत्या तर दोघीही गेल्या. दोघींनाही वाटलं असतं आपण जिंकलो. "मावशी, मारायला काहीच वेळ लागत नाही. मारायच्या आधी केवढा वेळ घेतात!"

रविवार कारंज्यापाशी आम्ही भेळ खाल्ली आणि मी मनातल्या मनात माझ्या त्या तीन वाक्यांकडे परत गेले. चिमाने एक पाऊल मागे घेतलं. का? तिला काय दिसलं? तिच्या पायाखाली काय होतं? पाणी भरून भरून ओली झालेली पायरी, जिच्यावर ती रोज चालते आणि रुद्रसेन पहिल्यांदा उभा आहे? तो पुढे का आला, कशाला फसला? हे सगळं खरंच होतं, त्या ‘खरं’मध्येच बसत होतं, आणि मी ते लिहिलं नव्हतं. मी फक्त दिवा लागलेला लिहिला होता. रामशेजचंच बघा ना. 1682 पासून जवळजवळ पाच वर्षं तो किल्ला झुंजला. गडावर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा करून त्यातून कातडं डागलं, असं मुघलांच्या बाजूच्या इतिहासकारानेच लिहून ठेवलंय. त्या पाच वर्षांत तलवारीला तलवार भिडलेले क्षण मोजायला बसलो तर किती भरतील? बाकीचं सगळं वाट बघणं. पण आशेवाडीच्या माणसाला गडाबद्दल विचारा, तो कधी म्हणत नाही की कंटाळवाणी गोष्ट आहे.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न सुटला. पुढच्या वेळी दोन वारांमधलं सावकाश लिहायचं, वार झटक्यात, झालं. तसा निरोपही मी कोल्हापूरला पाठवला, जरा मिरवतच. तिचं उत्तर आवाजात आलं, मागे कुणीतरी हलगी वाजवत होतं. आधी तिने दांडपट्ट्याबद्दल सांगितलं, कारण तिच्याशी काहीही बोला, ती आधी दांडपट्ट्याबद्दल सांगते. मूठ आत, कोपरापर्यंत लोखंडी खोळ, पुढे लांबलचक लवणारं पातं, "त्यात मनगट वळतच न्हाई ताई, सगळं कोपरात न् खांद्यात." गेल्या महिन्यात मी माझ्या एका शिपायाला पट्टा घालून मनगट फिरवायला लावलं होतं, ते तिने विसरायचं ठरवलेलं नव्हतं. आणि मग म्हणाली, "वार बरोबर केलासा ताई. पर लागून घ्यायचं काम त्याचं होतं न्हवं?"

मी ते तीनदा ऐकलं. मग आमच्या गोष्टीत वर जाऊन माझ्या ओळी परत वाचल्या. चिमाने पाऊल मागे घेतलं, हे माझं. पातं ओढलं, हेही माझं. रुद्रसेनच्या बोटांतून तलवार सुटली. हे वाक्य माझं नव्हतं. रुद्रसेनची बोटं भाच्याची होती.

या खेळात हा सगळ्यात जुना नियम आहे, जगभर जिथे जिथे लोक असं मिळून लिहितात तिथे आहे. आपण प्रयत्न लिहायचा, परिणाम समोरच्यावर सोडायचा. ‘तिने मानेवर वार केला’ चालतं. ‘त्याची मान उडाली’ चालत नाही. असं करण्याला गॉडमोडिंग म्हणतात, स्वतःच देव होणं. हा नियम भाच्याला मीच शिकवला होता. तो पंधरा वर्षांचा असताना त्याने माझ्या एका म्हाताऱ्या पात्राला परस्पर बेशुद्ध केलं होतं, तेव्हा मी त्याला हे सगळं समजावून, वर पुसायला लावलं होतं. आणि आता मी तेच केलं, फक्त हातात वैद्यकशास्त्र घेऊन. स्नायूंच्या दोऱ्या तुटल्यावर बोटं उघडणारच, मग विचारायचं कशाला? खरेपणाची गंमत अशी की तो हातात असला की आपण दुसऱ्याला विचारायचं विसरतो. त्याच्या खणण्णने मला राग आला होता, आणि त्या रागाला मी अभ्यासाचा शालू नेसवून पाठवलं होतं.

कोल्हापूरच्या मुलीने पुढे आणखी एक सांगितलं. तालमीत लढत म्हणजे जोडी. वार कुठून येणार हे समोरच्याला ठाऊक असतं, किती वर्षं एकत्र सराव केलेला असतो. "ठाऊक असतंय म्हणून तर जोरात मारता येतंय. आन् बघणाऱ्याच्या पोटात गोळा तरी येतोयच की." लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत मेनरोडवर मी बाबांच्या खांद्यावरून दांडपट्टा बघायचे. जमिनीवर झोपलेल्या पोराच्या पोटावर ठेवलेलं लिंबू, गिरक्या घेत येणारा पट्टा, आणि लिंबाचे दोन तुकडे. माझे डोळे दर वेळी मिटायचे. तो पोरगा मात्र डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत असायचा. त्याच्यावाचून तो खेळ झालाच नसता, आणि टाळ्या पट्टेवाल्याला पडायच्या.

आमच्या लिहिण्यात आणखी एक गोम आहे, जिच्याबद्दल आम्ही कधी बोलत नाही. चिमाचा वार मी रात्री लिहिते, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर येतं. म्हणजे वार हवेत सोळा-सतरा तास लटकलेला असतो. मी हिशेबाच्या चोपड्या तपासते, डबा खाते, कँटीनमधल्या चहाला नावं ठेवते, आणि तेवढा सगळा वेळ ते पातं कुणाच्या तरी मनगटापासून दोन बोटांवर थांबलेलं असतं. याच्याइतकं खोटं काही नाही. आणि खरं सांगायचं तर मी हे लिहिणं सोडत नाही ते याच वेळासाठी. ‘संपलं’ लिहून मी भाच्याचा तो वेळ काढून घेतला होता. त्याने तीन आठवडे जमवलेला.

मी त्याला फोन केला. मेसेजवर हे बोलायचं नव्हतं. म्हटलं, तुझा हात मी तोडायला नको होता. पुसते ते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे टीव्हीचा आवाज, ताई त्याला ताटं घ्यायला सांगत होती. मग म्हणाला, "नको पुसू. हात जाऊ दे. पण कसा गेला ते मी लिहिणार." बरं, म्हटलं. "आणि तू मधे बोलायचं नाही. स्नायू-बियू काही नाही." म्हटलं, नाही बोलणार. "आणि म्यानाचा आवाज येणार." मी दीर्घ श्वास घेतला. म्हटलं, किती मोठा? तो हसला. "घासल्याचा, मावशी. पण येणार."

तीन दिवस लागले त्याला. काल रात्री आलं, आतापर्यंतचं त्याचं सगळ्यात लांब. रुद्रसेन त्यात एकदाही गिरकी घेत नाही. तो चिमाच्या पायांकडे बघतो, ती ओल्या पायरीवर अनवाणी आहे आणि आपल्या पायात जोडे आहेत हे त्याला उशिरा कळतं. ती मागे सरते ती भीतीने, असं त्याला वाटतं, कारण त्याला तसंच वाटायला हवं असतं. मग घासल्यासारखा एक आवाज, तो म्यानाचा नाही, बाहीचं कापड फाटल्याचा. दुखत नाही. तो स्वतःच्या हाताकडे बघतो आणि बोटं एकेक करून उघडत जातात, जणू दुसऱ्या कुणाची. तलवार चिखलात आडवी पडलेली आहे, मुठीला आईने बांधलेला दोरा वर दिसतोय. हा दोरा आमच्या गोष्टीत आधी कधीच नव्हता. तो त्याने आताच आणला, की पहिल्यापासून त्याच्या मनात होता आणि माझ्या ‘संपलं’खाली गेला होता, ते मी विचारलं नाही. शेवटची ओळ अशी: रुद्रसेनने डाव्या हाताने मूठभर चिखल उचलला आणि चिमाच्या चेहऱ्याकडे भिरकावला.

तिथे थांबलाय. डोळ्यात गेला की नाही, ते लिहिलेलं नाही.

साडेबारा वाजून गेले होते. उद्या महिन्याची 20 तारीख, रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, ऑफिसात सगळे सकाळपासून एकमेकांवर खेकसणार. चिमा तीन-चार हातांवर आहे, चिखल जड असतो, अंधार पडत आलाय, तिने मान वळवायला हवी. पण ती नुकतीच जिंकलीय, बेसावध आहे. शिवाय तिनेही तो दोरा बघितला असेल. मी ‘चिमाने’ एवढं टाइप केलं आणि पुसलं. परत टाइप केलं. वर त्याच्या नावाखाली तो अजून ऑनलाइन दिसत होता.